पाचशेची प्राइम आणि नऊ मीटरवरचं लपण: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका वन्यजीव गटाला पाणमांजरांवर छोटी पुस्तिका काढायची होती. बारा पानं, दर पानाला एक छायाचित्र, आणि बाराही प्रसंग आधीच ठरलेले: पोहणं, मासा खाणं, वाळूत अंग घासणं, खडकावर विष्ठा टाकून हद्द जाहीर करणं, आईच्या मागून जाणारी पिल्लं, आईनं तोंडात धरून नेलेलं पिल्लू, असे. काम ज्या छायाचित्रकार बाईंकडे आलं त्यांच्या हाताशी पक्ष्यांचा बरीच वर्षांचा अनुभव होता, सस्तन प्राण्यांचा कमी. माझं काम चित्रनिवडीचं. रोज दुपारी त्या दिवसाच्या फाइली पाहायच्या आणि काय साधलं, काय नाही ते सांगायचं. नाव, नदी आणि गट इथे मुद्दाम सांगत नाही. पाणमांजरांचं बीळ कुठे आहे हे जितक्या कमी लोकांना ठाऊक, तितकं बरं.

गटानं आधीच एक लपण, म्हणजे प्राण्याला न दिसता आत बसून चित्रं काढायचा आडोसा, उभारून ठेवलं होतं. फळ्यांचं, एक माणूस आणि एक ट्रायपॉड जेमतेम मावेल एवढं. पाणमांजरं ठरावीक खडकांवर पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात, त्यामुळे ती कुठे येणार हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत. माशांची खवलं चमकणारी ती जागा लांबूनही ओळखू येते. लपण त्या खडकापासून नऊ मीटरवर होतं. बाईंकडे फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा आणि १५०–६०० मिमीची झूम होती.

अडचण

मादी आणि तिची तीन पिल्लं सूर्योदयाच्या अर्धा तास आधी यायची आणि ऊन खडकावर पोचायच्या सुमाराला लव्हाळ्यात गडप व्हायची. म्हणजे कामाचा वेळ जेमतेम तासभर, आणि त्यातला बराचसा अंधूक. नऊ मीटरवरून पूर्ण प्राणी फ्रेममध्ये बसवायला झूम २५० मिमीच्या आसपास ठेवावी लागे. तिथे तिचं सगळ्यात मोठं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेला की मान वळवतानाचा चेहरा पुसला जाई, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १२८०० वर. ओल्या केसाळ अंगाचा गडद रंग हा या आयएसओचा खरा वैरी. पाण्यानं केसांचे झुपके होतात, त्या झुपक्यांतच प्राण्याचा पोत असतो, आणि नेमका तोच नॉइजमध्ये, म्हणजे जास्त आयएसओला चित्रात उठणाऱ्या दाण्यांत, विरून जात होता. पडद्यावर ठीक दिसे. छपाईच्या आकारात मोठं केलं की अंगावर चिखल फासल्यासारखं.

चार दिवसांनंतर बाई म्हणाल्या, “लेन्सच बदलायला हवी.” मीही मान डोलावली. इथे पहिली चूक झाली, आणि ती दोघांची होती. प्रकाश कमी पडतोय हे बरोबर होतं. त्यावरून “मोठी लेन्स हवी” हा निष्कर्ष काढताना मधली एक पायरी आम्ही गाळली.

कोणते पर्याय होते

झूमच ठेवून नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणं हा पहिला. सॉफ्टवेअर चांगली झाली आहेत, पण नसलेला पोत ती अंदाजानं भरतात, आणि प्राण्याची ओळख पटवून देणाऱ्या पुस्तिकेत अंदाजानं भरलेले केस आम्हाला नको होते. फ्लॅशचा विचार एका वाक्यात संपला: पिल्लांसोबतच्या मादीवर पहाटेच्या अंधारात फ्लॅश मारायचा नाही.

मग प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लांबीची. ३०० मिमी एफ/२.८ आणि ५०० मिमी एफ/४, या दोन्हींची चर्चा झाली. ३०० झूमपेक्षा दोन स्टॉप जास्त प्रकाश देणार होती, ५०० एकच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). तरीही निवड ५०० ची झाली. कारणं प्रामाणिकपणे सांगायची तर दोन. एका परिचितांची ५०० तीन आठवड्यांसाठी मिळत होती, ३०० मिळत नव्हती. आणि दुसरं, ५०० एफ/४ ही वन्यजीव छायाचित्रणात अनेकांच्या मनात घर करून बसलेली लेन्स आहे. ती हातात येतेय म्हटल्यावर कुणी गणित मांडत बसत नाही.

पाचवा एक पर्याय होता, जो कुणी उच्चारलाच नाही. बाईंच्या कपाटात ७०–२०० मिमी एफ/२.८ लेन्स पडून होती. समारंभांच्या कामाची लेन्स म्हणून ती यादीत आलीच नाही.

पहिला आठवडा

लेन्स तीन किलोंहून जड. ट्रायपॉड आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून फिरवू देणारा ट्रायपॉडवरचा भाग) धरून सगळं लपणात बसवायलाच पहिली पहाट गेली. लपणाची जमीन फळ्यांची, त्यामुळे बाईंनी पाय हलवला की ट्रायपॉडला हादरा आणि हादऱ्यानं चित्र थरथरलेलं. यावर उपाय सोपा निघाला: फळ्यांना भोकं पाडून ट्रायपॉडचे पाय थेट मातीत रोवले. बाकीच्या गोष्टी इतक्या सोप्या नव्हत्या.

त्या आठवड्यातल्या फाइली पाहताना मला एक गोष्ट सतत खटकत होती. प्रकाश खरंच सुधारला होता, आयएसओ १२८०० चा ६४०० झाला होता, पण पूर्ण पाणमांजर एकाही चित्रात नव्हतं. शेपूट कापलेली, नाहीतर पुढचे पाय. नाक स्पष्ट आणि डोळा धूसर, किंवा डोळा स्पष्ट आणि मिशा गायब. कॅमेऱ्याची डोळा ओळखणारी सोय ओल्या काळ्या चेहऱ्यावरच्या बारीक काळ्या डोळ्यापाशी गोंधळायची आणि पुढच्या लव्हाळ्याच्या पात्यावर जाऊन बसायची. शिवाय प्राणी व्ह्यूफाइंडरमध्ये शोधण्यातच वेळ जाई. झूमवर १५० ला शोधून मग आत शिरायची सवय हाताला लागलेली असते. ५०० च्या प्राइममधून आडवं जेमतेम चार अंश दिसतं, त्यात बाहेर यायला वाटच नसते.

तिसऱ्या पहाटे मादी एका पिल्लाला तोंडात धरून लपणासमोरून गेली, अवघ्या सहा मीटरवरून. फोकस फार भरकटू नये म्हणून बाईंनी लेन्सवरचं लिमिटरचं, म्हणजे फोकसचा पल्ला मर्यादित करणारं, बटण “८ मीटर ते अनंत” वर ठेवलं होतं. ही लेन्स साडेतीन-चार मीटरपर्यंत फोकस करू शकते, पण लिमिटर लावल्यावर आठ मीटरच्या अलीकडचं जग तिच्यासाठी नसतंच. मोटर पुढेमागे धावली आणि थांबली. बटण आठवेपर्यंत मादी लव्हाळ्यात शिरली होती.

चौथ्या आणि पाचव्या पहाटे आणखी काही घडलं. मादीनं खडकावर चढून लपणाकडे मान उंचावली, नाकातून जोरात फुसकारा सोडला आणि पिल्लांना घेऊन परत पाण्यात गेली. हा धोक्याचा इशारा. झूमच्या दिवसांतही तो एकदा झाला होता, पण तेव्हा आम्ही दुर्लक्ष केलं. सहाव्या दिवशी ती खडकावर आलीच नाही.

कागदावरचं गणित

त्या दुपारी कॅमेरा बाजूला ठेवून कागद घेतला. आठवडाभर आधी घ्यायला हवा होता.

फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद. ५०० मिमी लेन्सनं नऊ मीटरवर दिसणारी रुंदी म्हणजे ३६ भागिले ५०० गुणिले ९, सुमारे ६५ सेंटीमीटर. पूर्ण वाढलेलं पाणमांजर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर लांब. म्हणजे ते फ्रेममध्ये बसणं मुळात शक्यच नव्हतं. आठवडाभर आम्ही बाईंच्या हाताला आणि नशिबाला दोष देत होतो. डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे पुढेमागे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं त्याचा, हिशेबही तितकाच रोखठोक. नऊ मीटरवर एफ/४ ला, सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसरपणा चालतो या नेहमीच्या निकषानं, ती साधारण ८ सेंटीमीटर येते. पाणमांजर किंचित तिरकं उभं राहिलं की नाकापासून कानापर्यंतचं अंतर यात संपतं.

मग त्याच कागदावर कपाटातली ७०–२०० मांडली. नऊ मीटरवर २०० मिमीला १ मीटर ६२ सेंटीमीटर रुंद फ्रेम. एफ/२.८ म्हणजे झूमपेक्षा दोन स्टॉप जास्त, आयएसओ ३२००. डेप्थ ऑफ फील्ड सुमारे ३४ सेंटीमीटर. त्या लपणातून, त्या प्रकाशात, ती ५०० पेक्षा प्रत्येक बाबतीत सरस ठरत होती. बाई बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या आणि मग हसल्या.

इथे गाळलेली पायरी कळली. केवळ प्रकाशासाठी लांब पल्ल्याची प्राइम घ्यायची गरज नसते. आखूड आणि मोठ्या अॅपर्चरची लेन्स तो जास्तच देते. ५०० एफ/४ चं खरं काम लांब बसूनही तेवढा प्रकाश हातचा जाऊ न देणं, हे आहे. जवळ बसायचं असेल तर तिचं वजन निव्वळ हमाली.

निर्णय: नऊ मीटर की अठ्ठावीस

आता वाटा दोन होत्या. लपण तिथेच ठेवून ७०–२०० लावायची, किंवा ५०० ठेवून लपण हलवायचं.

पहिली वाट चित्रांच्या दृष्टीनं बिनधोक होती आणि मी तिच्या बाजूनं होतो. दोन आठवडे उरले होते, हातात काही नव्हतं. बाईंनी नकार दिला. त्यांचा मुद्दा साधा होता: मादी तीन वेळा फुसकारली आहे आणि एक दिवस आलेली नाही, तेव्हा नऊ मीटर हे अंतर आपण कितीही चांगलं चित्र काढलं तरी चूकच आहे. तिला पिल्लांसह दुसरा काठ शोधायला लागला तर पुस्तिका कशाला काढायची? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग उलटं गणित केलं. मीटरभराच्या प्राण्याला आजूबाजूला मोकळीक देऊन दोन मीटर रुंद फ्रेम हवी. ५०० ला त्यासाठी सुमारे २८ मीटर लागतात. नदी त्या वळणावर अरुंद होती, आणि पलीकडच्या काठावरच्या झुडपापासून खडक साधारण तेवढ्याच अंतरावर भरला. हा योगायोग होता हे मान्य करायला हवं. नदी पन्नास मीटर रुंद असती तर हे प्रकरण वेगळ्या दिशेनं गेलं असतं.

पलीकडचा काठ

नवं लपण म्हणजे जाळीचं कापड, त्यावर तिथलाच वाळका लव्हाळा, आणि बसायला जमीन. तीन दिवस ते रिकामंच ठेवलं. चौदा दिवसांतले तीन असे सोडणं जिवावर आलं, पण मादी चौथ्या दिवशी खडकावर आली आणि तिनं त्याकडे पाहिलंही नाही. वारा कुठून येतो हे दोऱ्याचा तुकडा टांगून पाहायचं आणि तो बाईंकडून खडकाकडे वाहत असेल त्या पहाटे जायचंच नाही, असं ठरलं. अशा दोन पहाटा निघाल्या.

अंतर तिपटीनं वाढल्याचे फायदे आम्ही मोजले होते त्याहून जास्त निघाले. डेप्थ ऑफ फील्ड आठ सेंटीमीटरवरून पाऊण मीटरवर गेली, त्यामुळे आई आणि तिला खेटून असलेलं पिल्लू दोघंही एफ/४ लाच स्पष्ट येऊ लागली. झूम तिथे एफ/६.३ वर असती, म्हणजे आयएसओ १६००० लागला असता. प्राइमवर ६४०० पुरला. आणि एक गोष्ट जिचा विचारच केला नव्हता: दृष्टीचा कोन. दोन्ही ठिकाणी लेन्स खडकापेक्षा सुमारे दीड मीटर उंच होती. नऊ मीटरवरून हा उतार साडेनऊ अंशांचा, अठ्ठावीसवरून तीन अंशांचा. पहिल्या आठवड्यात प्राण्याच्या पाठीवर वरून पाहिल्यासारखं वाटे. आता जमिनीवर आडवं न पडताही त्याच्या डोळ्याला डोळा भिडत होता.

तोटेही होते. पार्श्वभूमी पूर्वीसारखी विरघळेना. खडकामागे तीन मीटरवर लव्हाळा होता. त्याचा सेन्सरवर पडणारा धूसरपणा जवळपास आठपट कमी झाला आणि पाती मोजता येऊ लागली. स्पर्धेसाठी चित्र पाठवणाऱ्याला हे खुपलं असतं. पुस्तिकेला अधिवास दाखवायचाच होता, म्हणून आम्ही ते गोड मानून घेतलं. पाण्यावरचं धुकं हा दुसरा त्रास. फोकस धुक्यात चाचपडत राही. यावर लेन्सवरची फोकस लक्षात ठेवण्याची सोय कामी आली: खडकाचं अंतर एकदा साठवायचं आणि फोकस भरकटला की एका बटणानं तिथे परत यायचं. डोळा ओळखणं बंद करून एकच छोटा फोकस बिंदू वापरला. प्राणी शोधायची अडचणही अशीच सुटली. लेन्स आधीच खडकावर रोखून ठेवायची, दुसरा डोळा उघडा ठेवून पोहणाऱ्या प्राण्यामुळे पाण्यावर उठणारी रेघ पाहायची, आणि प्राणी फ्रेममध्ये येईपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. पहिले दोन दिवस हे बाईंना अजिबात जमलं नाही. तिसऱ्या दिवसापासून जमलं.

टेलिकन्व्हर्टरचा मोह

चेहऱ्याचं एक जवळचं चित्र यादीत होतं, त्यामुळे १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, पल्ला वाढवणारं भिंग) पिशवीत होताच. तो लावला की ५०० एफ/४ ची ७०० एफ/५.६ होते: एक स्टॉप गेला, आयएसओ परत १२८००. मी म्हटलं, त्यापेक्षा मूळ चित्र कापून घेऊ. दोन्ही करून पाहिलं. एकाच आकारात छापल्यावर नॉइजमध्ये फारसा फरक नव्हता, आणि ते अपेक्षितच आहे. पुढची काच तीच, प्राण्याकडून येणारा प्रकाश तेवढाच, कन्व्हर्टर तो फक्त जास्त जागेवर पसरतो. फरक पडला तो मिशांच्या बारकाव्यात, तिथे कन्व्हर्टर पुढे होता, आणि फोकसच्या वेगात, तिथे मागे.

म्हणून त्याला वेळ नेमून दिली. सूर्य वर आल्यावर प्रकाश दुपटीनं वाढला की लावायचा. पण ऊन पाण्यावर पडलं की थोड्याच वेळात हवा लहरू लागते, आणि पाण्यावरून रोखलेल्या लांब लेन्सला ती थरथर सगळ्यात आधी दिसते. खडकाच्या कडा उकळल्यासारख्या. कुठलंही शटर किंवा स्टॅबिलायझर यावर चालत नाही. दोन्हींच्या मध्ये रोज वीसेक मिनिटं मिळत. दोन पानांची चित्रं त्या वीस मिनिटांतली आहेत.

निष्पत्ती

बारापैकी नऊ चित्रं पलीकडच्या काठावरून, ५०० नं घेतलेली. वरची दोन त्यातच धरून. पोहण्याचं एक झूमच्या दिवसांतलं. एक ७०–२०० नं, त्याच नव्या लपणातून घेतलेलं, धुक्यातलं नदीचं वळण आणि त्यात चार ठिपके. गटाला मुखपृष्ठासाठी तेच आवडलं. नव्या लपणातल्या दिवसांत मादी एकदाही फुसकारली नाही.

बारावं चित्र, तोंडात पिल्लू धरलेली आई, मिळालं नाही. पिल्लं तोवर स्वतः पोहू लागली होती.

वेगळं काय करता आलं असतं

फ्रेमची रुंदी मोजायला एक गुणाकार आणि एक भागाकार लागतो. लेन्स ठरवण्याआधी तो केला असता तर पहिला आठवडा वाचला असता. त्याहून मोठी चूक मात्र क्रमाची वाटते. लपण आधी उभं राहिलं, लेन्स नंतर आली आणि प्राण्याला किती अंतर चालतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला गेला. झूम असती तर हा उलटा क्रम खपून गेला असता, कारण झूम कुठल्याही अंतराशी जुळवून घेते. प्राइम घेत नाही. तिच्याबरोबर अंतर हा घरी बसून घ्यायचा निर्णय असतो.

पहिला फुसकारा झूमच्या दिवसांत ऐकू आला होता. त्याच दिवशी लपण हलवलं असतं तर बाकीचे सगळे प्रश्न एक आठवडा आधी सुटले असते. आम्ही दोघं त्या वेळी पडद्यावरचा नॉइज पाहत होतो.

लिमिटरबद्दल बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, जवळून प्राणी जाण्याची शक्यता असेल तिथे तो पूर्ण उघडाच हवा, फोकस थोडा भरकटला तरी चालेल. मला वाटतं सहा मीटरवर फ्रेम ४३ सेंटीमीटरची होती, चालती मादी आणि पिल्लू त्यात फोकस लागूनही बहुधा हुकली असती. मांडीवर दुसरा कॅमेरा, ७०–२०० लावलेला, हाच उपाय होता. लपण अरुंद आहे म्हणून तो आम्ही आणला नव्हता. फळ्यांना भोकं पाडली तेव्हा एक फळी काढून बाजूला जागा करता आली असती, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बाराव्या पानावर शेवटी रेखाचित्र छापलं. ते बाईंनी स्वतः काढलं, त्या तिसऱ्या पहाटे जे दिसलं त्यावरून.